शून्यावर काय, एकावर काय?

फंक्शन लिहिताना एक क्षण हमखास येतो. आतलं सगळं गणित मनासारखं जमलेलं असतं, शेवटच्या ओळीवर फक्त रिटर्न लिहायचं बाकी असतं, आणि तेव्हा लक्षात येतं की परत द्यायच्या गोष्टी एक नाही, दोन आहेत. चित्राचं माप काढलं तर रुंदीही हवी आणि उंचीही. फाइल वाचली तर मजकूरही हवा आणि किती ओळी वाचल्या तेही हवं. आणि फंक्शनला तर बाहेर पडायचं दार एकच!

मग आपण काय करतो? दोन्ही गोष्टी एका ॲरेत घालतो आणि देतो पाठवून. साधारण असं:

रिटर्न [रुंदी, उंची]

आणि घेणारा तिकडे ते सोडवून घेतो:

[रुं, उं] = माप("घर")

(कोड मुद्दामच देवनागरीत लिहिलाय. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव दिलेलं चालतं, बरं का. रिटर्न मात्र इंग्रजीतच लिहावं लागतं. :-))

पीएचपी, पायथन, रुबी, जावास्क्रिप्ट, पर्ल... कोणतीही स्क्रिप्टिंगची भाषा घ्या, ही युक्ती तिथे आहेच. पीएचपीत त्यासाठी 'लिस्ट' आहे. पायथनमध्ये रिटर्नपुढे स्वल्पविराम देऊन दोन गोष्टी लिहिल्या की आपोआप टपल तयार होतो. रुबीत तसंच लिहिलं की ॲरे होतो. शिकायला दोन मिनिटं लागतात आणि सवय आयुष्यभराची लागते. आज लिहायचंय ते या सवयीबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. ॲरे क्रम सांगतो, अर्थ सांगत नाही. जिथे क्रम हाच अर्थ आहे तिथे ॲरे खुशाल परत करा. बाकी सगळीकडे प्रत्येक व्हॅल्यूला नाव द्या. नाव द्यायला लागतात दहा सेकंद, आणि न दिलेल्या नावाची किंमत बहुतेक वेळा भलताच कोणीतरी मोजतो.

आता सविस्तर.

ॲरेची बाजू

आधी ॲरेची बाजू घेतो, कारण तिलाही अर्थ आहे. ॲरे नव्हता तेव्हा लोक काय करायचे? एक व्हॅल्यू रिटर्न करायची आणि दुसरी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून द्यायची. "फंक्शन चालवून झालं की त्या अमुक व्हेरिएबलमध्ये बघा." म्हणजे शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवलीय, तिकडून घ्या. शेजारी घरी असेपर्यंत ठीक, नाहीतर बसा पायरीवर.

दुसरा मार्ग म्हणजे रिकामं व्हेरिएबल फंक्शनच्या हातात द्यायचं आणि त्यानं ते भरून द्यायचं. पीएचपीतलं 'प्रेग मॅच' अजून हेच करतं. जुळलं की नाही ते रिटर्न करतं, आणि नेमकं काय जुळलं ते तुम्ही तिसऱ्या जागी दिलेल्या व्हेरिएबलमध्ये भरून ठेवतं. चालतं, पण वाचणाऱ्याला कळत नाही की यातलं आत जाणारं काय आणि बाहेर येणारं काय. या दोन्हींपेक्षा ॲरे पुष्कळ बरा. जे काही आहे ते एका हातातून दुसऱ्या हातात, समोरासमोर.

आणि काही ठिकाणी तर ॲरेसारखं किंवा टपलसारखं दुसरं काही शोभतच नाही. पायथनमधलं 'डिव्हमॉड' घ्या. १७ ला ५ ने भागा म्हटलं की ते ३ आणि २ परत देतं. आधी भागाकार, मग बाकी. शाळेत आपण याच क्रमानं शिकलो, फंक्शनच्या नावातही हाच क्रम आहे. इथे उगीच नावं देत बसणं म्हणजे वरणाच्या पातेल्यावर 'वरण' अशी चिठ्ठी चिकटवणं.

पण म्हणून सगळ्याच पातेल्यांवर चिठ्ठी नको असं होत नाही. मिसळणाच्या डब्यात कोणी चिठ्ठ्या लावतं का? नाही. हळद पिवळी, तिखट लाल, मोहरी काळी, जिरं लांबुळकं. डोळ्यांना दिसतं, हात चुकत नाही. पण मीठ आणि पिठीसाखर एकसारख्या दोन बरण्यांत भरून शेजारी शेजारी ठेवा आणि घरी आलेल्या पाहुण्याला चहा करायला सांगा! फंक्शनमधून परत येणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा मीठ-साखरेच्या जातीच्या असतात. रुंदीही आकडा, उंचीही आकडा. बघून कळणार कसं?

आठव्या जागी कोण?

याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे 'स्टॅट'. फाइलची कुंडली काढणारं हे फंक्शन: फाइल केवढी, मालक कोण, शेवटची कधी बदलली, वगैरे. पर्लमध्ये ते १३ गोष्टींची यादी परत करतं. शून्यापासून मोजायचं. सातव्या जागी फाइलचा आकार, आठव्या जागी फाइल शेवटची कधी वाचली ती वेळ, नवव्या जागी शेवटची कधी बदलली ती वेळ.

पायथनमधल्या 'स्टॅट'नं मुळात १० गोष्टींचा टपल परत केला. तिथे सहाव्या जागी आकार, सातव्या जागी वाचल्याची वेळ आणि आठव्या जागी बदलल्याची वेळ.

आता बघा. पर्लमध्ये आठ म्हणजे वाचल्याची वेळ, पायथनमध्ये आठ म्हणजे बदलल्याची वेळ. दोन्ही आकडे एकाच जातीचे, १९७० पासूनचे सेकंद. समजा कोणी "वर्षभरात ज्या फाइलला कोणी हात लावला नाही ती उडवा" अशी पर्लमधली जुनी स्क्रिप्ट पायथनमध्ये आणली आणि आठाचा आठच ठेवला. स्क्रिप्ट चालेल. एकही एरर येणार नाही. फक्त जी फाइल लोक रोज उघडून वाचतात, पण वर्षभरात कोणी बदलली नाही, ती उडेल. नियमावली, दरपत्रकाचा जुना तक्ता, घराच्या कराराची स्कॅन केलेली प्रत... अशाच असतात ना या फाइल? वाचायच्या रोज, बदलायच्या कधीच नाहीत.

पायथनवाल्यांना हे कळलं होतं. २००१ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीपासून 'स्टॅट'च्या उत्तराला नावं मिळाली. आकार हवा तर आकाराच्या नावानं मागा, वेळ हवी तर वेळेच्या नावानं. जुना क्रमही तसाच ठेवला, कारण तो वापरणारा कोड जगभर पसरलेला. पीएचपीनंही दोन्ही ठेवले: १३ गोष्टी आकड्यांनी आणि त्याच १३ नावांनी, एकाच ॲरेत. म्हणजे एकदा का क्रमाचं वचन दिलं की ते मोडता येत नाही, फक्त त्याच्या शेजारी नावं ठेवता येतात. मग नावं पहिल्या दिवशीच का ठेवू नयेत?

पर्लमधल्या 'लोकलटाइम'ची कथाही याच घराण्यातली. ते नऊ गोष्टी परत करतं. पाचव्या जागी वर्ष, पण कुठलं वर्ष? १९०० वजा केलेलं. म्हणजे १९९८ साठी ९८. लोकांनी ते आकडे बघून "अच्छा, शेवटचे दोन अंक दिसतायत" असं समजून पुढे '१९' चिकटवलं. जानेवारी २००० उजाडला आणि कित्येक पानांवर साल आलं १९१००! चौथ्या जागचा महिना तर शून्यापासून सुरू होतो, जानेवारी म्हणजे शून्य. आकडा उघडाबोडका आला की घेणारा त्याला स्वतःच्या समजुतीचे कपडे घालतो. 'पाचवी जागा' याऐवजी '१९०० नंतरची वर्षं' असं नाव त्याच्यासोबत आलं असतं तर '१९' चिकटवण्याआधी हात थोडा तरी थबकला असता.

पुणे उत्तर ध्रुवाकडे

आता आपल्या मातीतलं उदाहरण. नकाशावर एखादी जागा दाखवायची तर दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. पत्ता दिला की हे दोन आकडे ॲरेत घालून देणारी फंक्शनं आपल्यापैकी अनेकांनी लिहिली असतील. प्रश्न एकच: आधी कोण?

आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो. गुगल मॅप्स आणि लीफलेट हेही अक्षांश आधी घेतात. पण जिओजेसन नावाचा जो प्रमाण साचा आहे (२०१६ मध्ये तो आरएफसी ७९४६ म्हणून नक्की झाला) त्यात रेखांश आधी. त्यालाही कारण आहे. आलेखावर आपण आधी आडवं अंतर लिहितो, मग उभं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये आपली वरात!

पुणे आहे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. आकडे उलटे झाले तर ७३.८६ उत्तर, १८.५२ पूर्व. ही जागा नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळ, थंडगार समुद्रात येते. शनिवारवाडा पाण्यात.

यात एक बारीक गोम आहे, ती नीट बघण्यासारखी आहे. अक्षांश ९० च्या वर जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा रेखांश आहे उणे १२२ च्या आसपास. तो चुकून अक्षांशाच्या जागी गेला तर साधी तपासणीसुद्धा ओरडेल, की असा अक्षांश पृथ्वीवर नाहीच. पण आपल्या देशाचे रेखांश ६८ ते ९७. मुंबई ७२.८८, नागपूर ७९.०९. हे सगळे ९० च्या आतले, म्हणजे अक्षांश म्हणून अगदी वैध. म्हणजे परदेशात लिहिलेली, तिकडे व्यवस्थित तपासलेली लायब्ररीसुद्धा आपल्याकडची अदलाबदल मुकाट्यानं गिळेल. गुवाहाटीवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांचा रेखांश ९१.७ आहे, त्यांची चूक लगेच पकडली जाईल!

नकाशावर ठिपका समुद्रात दिसला तर कळतं तरी. पण प्रत्येक वेळी कोणी नकाशा उघडून बघतं का? दोन पत्त्यांमधलं अंतर काढून त्यावरून भाडं ठरवलं जात असेल तर दोन्ही पत्ते उलटे झाले तरी उत्तर येतंच, आणि आकडा बघून शंकाही येत नाही. फक्त भाडं चुकतं.

पगाराची गोष्ट

हे झालं पुस्तकी. आता जवळून पाहिलेली एक गोष्ट.

पूर्वी मी एका कंपनीत होतो. आमच्या शेजारच्या टीमकडे पगाराची स्क्रिप्ट होती, पीएचपीत लिहिलेली. त्यात एक फंक्शन महिन्याचा हिशोब करून ॲरे परत करायचं:

[मूळ पगार, पीएफ, व्यवसाय कर, हातात]

हे फंक्शन दोन ठिकाणी वापरलं जायचं. एक, महिन्याची पगाराची स्लिप. दोन, वर्षाअखेरी प्रत्येकाला मिळणारा गोषवारा. दोन्हीकडे इंडेक्सनं वाचायचं: शून्यावर मूळ, एकावर पीएफ, दोनावर व्यवसाय कर.

पुढे कधीतरी महागाई भत्ता वेगळा दाखवायचं ठरलं. ज्याच्याकडे काम आलं त्यानं विचार केला, भत्ता मूळ पगाराच्या शेजारीच शोभतो. म्हणून तो एकाव्या जागी घातला आणि बाकीचे एकेक घर पुढे सरकवले. स्लिपची स्क्रिप्ट बदलली, तपासली, स्लिपा बरोबर आल्या. गोषवाऱ्याची स्क्रिप्ट वर्षातून एकदाच चालते, ती कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

वर्ष संपलं. गोषवारे निघाले. एकही एरर नाही.

चूक पकडली ती ऑफिसच्या गाडीवर ड्रायव्हर असलेल्या काकांनी. त्यांचा मूळ पगार १२,००० आणि भत्ता ३,०००. पीएफ दोन्हींवर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,८००. व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. गोषवाऱ्यात पीएफच्या रकान्यात भत्ता येऊन बसला होता, वर्षाचे ३६,००० (खरे २१,६००). आणि व्यवसाय कराच्या रकान्यात पीएफ, म्हणजे २१,६००.

काका दर महिन्याची स्लिप फाइलीला लावून ठेवत. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून किती उचलता येतील याचा हिशोब त्यांचा चालला होता. कागद बघून आधी त्यांना आनंद झाला, की एवढे जमले! मग संशय आला. बेरीज करून बघितली आणि फाइल घेऊन ते वर आले. "साहेब, व्यवसाय कर एवढा कधीपासून झाला?" बरोबरच होतं त्यांचं. व्यवसाय कर वर्षाला २,५०० च्या वर जाऊच शकत नाही, राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानंच ती मर्यादा घातलीय. कॉम्प्युटरला ते माहीत नव्हतं. त्याला फक्त 'दोनावर जे असेल ते' एवढंच सांगितलेलं होतं.

सगळ्यांचे गोषवारे परत काढावे लागले. मग नेहमीप्रमाणे चूक कोणाची यावर चर्चा रंगली. मूळ फंक्शन लिहिणाऱ्याची? त्यानं लिहिलं तेव्हा सगळं बरोबर होतं. भत्ता मध्ये घालणाऱ्याची? त्यानं स्लिप तपासली होती, आणि गोषवाऱ्याची स्क्रिप्ट हेच फंक्शन वापरते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मला विचाराल तर दोघंही आपापल्या परीनं नीट वागले होते. पण त्या दोघांमधला करार एका क्रमावर उभा होता आणि तो क्रम कुठेच लिहिलेला नव्हता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलाच प्रकार.

त्याच ॲरेत 'एकावर' ऐवजी 'पीएफ' असं नाव असतं तर भत्ता पुढे, मागे, मध्ये कुठेही घातला असता तरी काकांच्या कागदावर पीएफ पीएफच राहिला असता.

कोण ओरडतं, कोण गप्प बसतं

भाषा बदलली की या चुकीचा आवाज बदलतो, तोही माहीत असलेला बरा.

पायथनमध्ये तुम्ही चार व्हेरिएबलांत सोडवून घेत असाल आणि पाच गोष्टी आल्या, तर तो तिथल्या तिथे एरर देऊन थांबतो. वरच्या गोष्टीत असं झालं असतं तर गोषवारा निघालाच नसता. पण इंडेक्सनं वाचलं तर पायथनसुद्धा गप्पच. आणि दोनच गोष्टींची अदलाबदल झाली, मोजणी तेवढीच राहिली, तर कोणीच काही बोलत नाही.

पीएचपीत जास्तीच्या गोष्टी निमूट सोडून दिल्या जातात. कमी पडल्या तर इशारा येतो, व्हेरिएबलमध्ये नल बसतो आणि स्क्रिप्ट पुढे चालू. जावास्क्रिप्ट सगळ्यात शांत. जास्तीचं टाकून देतो, कमी पडेल तिथे अनडिफाइन्ड ठेवतो, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. आणि पायथनच्या सवयीनं जावास्क्रिप्टमध्ये रिटर्नपुढे स्वल्पविराम देऊन दोन गोष्टी लिहिल्या, कंस विसरलात, तर पहिली गोष्ट गायब होऊन फक्त शेवटची परत येते. तीसुद्धा बिनबोभाट.

बॅशचा तर न्याराच थाट. तिथे फंक्शनचं रिटर्न म्हणजे फक्त ० ते २५५ मधला एक आकडा, आणि तोही 'काम झालं की नाही' हे सांगण्यापुरता. २५६ परत करा, पलीकडे शून्य पोचतो. आणि शून्य म्हणजे बॅशच्या भाषेत 'सगळं ठीक'! त्यामुळे तिथे लोक व्हॅल्यू छापून पाठवतात आणि घेणारा त्या शब्दाशब्दांत तोडतो. फाइलच्या नावात एक स्पेस आली की पुढचं सगळं एक घर सरकलं.

लुआसारख्या भाषेत खरोखरच अनेक व्हॅल्यू परत करता येतात, ॲरेची गरजच नाही. पण तिथेही त्या ओळखायच्या क्रमानंच. थोडक्यात काय, प्रश्न ॲरेचा नाहीच, नसलेल्या नावाचा आहे.

मग करायचं काय?

नावं द्यायची. पीएचपीत नावांचा ॲरे, पायथनमध्ये डिक्शनरी, जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट. पूर्वी याविरुद्ध एक रास्त तक्रार होती, की आल्यावर प्रत्येक वेळी लांबलचक लिहावं लागतं. ती आता उरलेली नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून ऑब्जेक्ट नावांनिशी एका ओळीत सोडवता येतो. पीएचपीत २०१६ च्या ७.१ पासून लिस्टमध्ये नावं चालतात. पायथनमध्ये २००८ पासून नेम्डटपल आहे आणि २०१८ पासून डेटाक्लास. यातला नेम्डटपल जपून वापरा. त्याला नावं असली तरी तो आतून टपलच असतो, त्यामुळे कोणी ना कोणी क्रमानं सोडवतोच, आणि मग मध्ये एक नाव वाढलं की पुन्हा तेच रामायण. नवीन काही लिहीत असाल तर डेटाक्लास बरा.

नावात एकक घालता आलं तर दुधात साखर. 'वेळ' यापेक्षा 'वेळ सेकंदात' बरं. 'वर्ष' यापेक्षा '१९०० पासूनची वर्षं' बरं, मग '१९' चिकटवायची छाती कोणाची होतेय बघू.

दुसरं, यश-अपयश आणि उत्तर यांची खिचडी करू नका. [झालं का, उत्तर, चुकीचा संदेश] असे तीन खणांचे ॲरे मी पुष्कळ पाहिलेत. त्यात घेणारा पहिला खण बघायचा विसरतो आणि अपयशाचं रिकामं उत्तर घेऊन पुढे जातो. गो या भाषेत उत्तर आणि एरर अशी जोडी परत करायची पद्धतच आहे, पण तिथे जोडीचा क्रम सगळीकडे एकच आणि घेतलेलं व्हेरिएबल वापरलं नाही तर कंपायलर अडवतो. ती शिस्त स्क्रिप्टिंगच्या भाषांत नाही. तिथे एक्सेप्शन फेका आणि मोकळे व्हा.

तिसरं, परत द्यायच्या गोष्टी सहा-सात व्हायला लागल्या तर नावं देण्याआधी एकदा फंक्शनकडेच बघा. बऱ्याचदा ते एक फंक्शन नसतंच, तीन फंक्शनं एका धोतरात चालत असतात.

"पण एवढीशी तर स्क्रिप्ट आहे!"

हा आक्षेप मला माहीत आहे. एकदाच चालवायची, वीस ओळींची, तिला कशाला एवढा सोपस्कार? खरंय. रविवारी दुपारी फोटोंची नावं बदलायला लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये मीही शून्य आणि एक असंच लिहितो, आणि लिहीत राहणार. पण 'एकदाच चालवायची' स्क्रिप्ट ही चीज सरकारी 'तात्पुरत्या' शेडसारखी असते. उभी राहिली की हलत नाही. म्हणून माझी मोजपट्टी ओळींची नाही. हे फंक्शन दुसऱ्या फाइलमधून कोणी बोलावणार आहे का, एवढंच मी बघतो. बोलावणार असेल तर नावं.

वेगाचा मुद्दाही काढतात कोणी कोणी. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपच्या पोटात असाल तर मोजून बघा आणि ठरवा. पगाराच्या स्लिपा काढताना डिक्शनरीमुळे वेळ गेला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणि उलट बाजूचा एक चांगला दाखलाही सांगायला हवा. रिॲक्टमध्ये २०१९ साली हुक्स आले. त्यातलं 'यूजस्टेट' दोन गोष्टींचा ॲरेच परत करतं: आत्ताची व्हॅल्यू आणि ती बदलणारं फंक्शन. इथे नावं का नाहीत? कारण हेच फंक्शन एका पानात पाच वेळा बोलवायचं असतं आणि दर वेळी नाव वेगळं हवं असतं, कधी 'पत्ता', कधी 'फोन'. नाव देण्याचा हक्क घेणाऱ्याकडे राहावा म्हणून ॲरे. शिवाय गोष्टी दोनच, आणि एक व्हॅल्यू, दुसरी फंक्शन. हळद आणि मोहरी! अदलाबदल झाली तर पहिल्याच वापरात फटाका वाजतो. विचार करून निवडलेला ॲरे तो असा.

तर माझी पट्टी अशी. दोन गोष्टी, क्रम सर्वांना ठाऊक किंवा दोन्ही वेगळ्या जातीच्या: ॲरे चालेल. दोन पण एकाच जातीच्या: थांबा, नावं द्या. तीन: शक्यतो नावं. चार किंवा जास्त: चर्चाच नको.

आणि आधीच लिहून ठेवलेल्या कोडचं काय? सगळं उपसायची गरज नाही. पीएचपीच्या 'स्टॅट'सारखं करा. आकडे आहेत तिथेच राहू द्या, शेजारी नावं ठेवा, नवीन वापरणाऱ्यांना नावांनीच मागायला सांगा. आणि काही वाढवायचंच झालं तर मध्ये नाही, शेवटी वाढवा. पंगतीत उशिरा आलेला माणूस बसलेल्यांना उठवून मध्ये बसत नाही, टोकाला बसतो. ॲरेलाही तोच नियम लावा.